लॉरेटाच्या कुंपणाबाहेर

लेस्टर नावाचे एक म्हातारे गृहस्थ दर उन्हाळ्यात आमच्या कचेरीत यायचे आणि आपल्या खाणीच्या दाव्याचा कागद काउंटरवर ठेवायचे. वाळवंटात कुठे सोनं-चांदी सापडेल असं वाटलं, की तिथे दगडांचा ढीग रचायचा, त्यात तंबाखूच्या रिकाम्या डबीत एक चिठ्ठी घालून ठेवायची आणि तीच चिठ्ठी आमच्याकडे आणून नोंदवायची, अशी तिथली जुनी पद्धत. चिठ्ठीत जागेचं वर्णन लागतं. लेस्टरांच्या कागदावर लिहिलेलं असे, ‘माझं खेचर मेलं त्या जागेपासून पूर्वेला तीनशे पावलं.’

पहिल्या वर्षी मी त्यांना विचारलं, “हे खेचर कुठे मेलं?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी सूर्य कुठे उगवतो असं विचारलं होतं. म्हणाले, “बाई, ते सगळ्यांना माहीत आहे.”

मी मागे वळून आमच्या वरिष्ठ हेलनबाईंकडे पाहिलं. त्या मान हलवून म्हणाल्या, “माहीत आहे. घे नोंदवून.”

नेवाडा राज्यातल्या त्या काउंटीच्या नोंदणी कचेरीत मी ऐंशीच्या दशकातली बरीचशी वर्षं काम केलं. काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा. विदर्भातले दोन जिल्हे सहज मावतील एवढी जमीन, आणि माणसं एखाद्या मोठ्या खेड्याएवढी. बाकी सगळं सेजची करडी झुडपं, मिठाची सपाट मैदानं आणि एकामागे एक उभे असलेले उघडे डोंगर. माझा नवरा श्रीकांत तिथल्या छोट्या हॉस्पिटलात डॉक्टर होता. अशा ठिकाणी यायला अमेरिकन डॉक्टर तयार नसत, म्हणून आम्हाला बोलावलं होतं. पोहे आणि तूरडाळ आणायला आम्ही सॅक्रामेंटोपर्यंत ड्राइव्ह करायचो. जायला एक दिवस, यायला एक दिवस. घरात बसून मला वेड लागायची वेळ आली, तेव्हा कोर्टाच्या इमारतीत कारकून हवी असल्याचं कळलं आणि मी जाऊन उभी राहिले.

हेलनबाई म्हणजे काउंटी रेकॉर्डर. तिकडे हे पद निवडणुकीचं. साठीच्या, शिडशिडीत, पुरुषी बूट घालणाऱ्या या बाई वीसेक वर्षं बिनविरोध निवडून येत होत्या. सगळे त्यांना नुसतं हेलन म्हणत. मला ते जमेना, म्हणून मी मनातल्या मनात ‘बाई’ जोडून घेतलं. माझं नाव शैला. त्यांनी पहिल्याच दिवशी ते ‘शीला’ केलं आणि साऱ्या गावाने तेच धरलं.

“टायपिंग येतं?” त्यांनी विचारलं होतं.

“येतं. आणि माझे वडील वर्ध्याला मोजणी खात्यात होते. जमिनीचे कागद मी लहानपणापासून पाहिलेत.”

“मग तू इथल्या निम्म्या वकिलांपेक्षा बरी आहेस,” त्या म्हणाल्या, आणि मला नोकरी लागली.

काम काय, ते सांगते. जमीन विकली, गहाण टाकली, वाटून घेतली, खाणीचा दावा सांगितला, की तो कागद आमच्याकडे येई. आम्ही त्याची नक्कल मोठ्या चामडी पाठीच्या बुकात ठेवायचो. शंभर वर्षांची अशी बुकं तळघरात होती. एकेक उचलायला दोन हात लागत. पण नुसती बुकं ठेवून भागत नाही, हवा तो कागद सापडायला हवा. त्यासाठी दोन सूची असत. एक देणाऱ्यांच्या नावाची, दुसरी घेणाऱ्यांच्या नावाची. आडनावाचं पहिलं अक्षर पाहायचं, त्या पानावर वरून खाली बोट फिरवायचं, आणि पलीकडे बुकाचा व पानाचा आकडा मिळतो. सूचीत नाव नसलेला कागद बुकात असूनही नसल्यासारखाच.

काउंटीचा इतिहास मी या बुकांतून शिकले. बाहेरून येणाऱ्यांसाठी राज्याने हमरस्त्यावर ठिकठिकाणी निळ्या पाट्या लावल्या होत्या. घोडागाडीचा जुना थांबा, म्हणजे चार दगडी भिंती. मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या दिसणाऱ्या कोळशाच्या भट्ट्या. गरम पाण्याचा झरा. आणि लॉरेटा. लॉरेटा हे एके काळी पाच हजार वस्तीचं चांदीचं गाव. चांदी संपली तसं गावही संपलं. आमच्या वेळी तिथे एका बँकेची पुढची भिंत उभी होती, मागे काही नाही. टेकडीवर लोखंडी कुंपणातली दफनभूमी होती. चाळीसेक थडगी, बहुतेक कॉर्निश आणि आयरिश खाणकामगारांची आणि त्यांच्या बाळांची. शाळेच्या सहली तिथे जात. मेमोरियल डेला, म्हणजे मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, गावातल्या बायका जाऊन फुलं ठेवत. काउंटीला स्वतःचा म्हणून अभिमान वाटावा असं जे काही होतं, त्यात ही टेकडी पहिली.

माझ्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी कॅल आला. एका खाणकंपनीसाठी जमिनीचे कागद तपासत हिंडणं हे त्याचं काम. उंच, मृदू बोलणारा, टोपी काढल्याशिवाय आत न येणारा माणूस. त्या काळात सोन्याचा भाव चढला होता. जुन्या लोकांनी टाकून दिलेली हलक्या प्रतीची माती मोठ्या ढिगात रचायची, वरून सायनाइडचं पाणी सोडायचं आणि खाली झिरपलेलं सोनं गोळा करायचं, अशी नवी पद्धत आली होती. मेलेल्या गावांना अचानक गिऱ्हाईक आलं. कॅलच्या कंपनीला लॉरेटाच्या आजूबाजूचे सगळे तुकडे हवे होते.

“या तुकड्यांवर आणखी कोणाचा हक्क नोंदलेला आहे का, एवढं बघून दाखला द्या,” तो म्हणाला.

मी दोन दिवस तळघरात बसले. लॉरेटाचं मूळ गावठाण वसवून विकणाऱ्या मंडळाचं नाव देणाऱ्यांच्या सूचीत पाहिलं, आणि कॅलने दिलेल्या यादीतली आडनावं घेणाऱ्यांच्या सूचीत. एकेक दस्त काढून वाचला. गावठाण मंडळाच्या नावावरच काही शे व्यवहार होते. त्यातले बरेच मी उघडून पाहिले, उरलेल्यांची नुसती नावं पाहिली. त्यांत कॅलच्या यादीतलं एकही नाव नव्हतं, म्हणून पुढे गेले. मग टाइप केलं, ‘वरील जमिनीवर अन्य कोणाचा हक्क नोंदलेला आढळला नाही.’ हेलनबाईंनी मला विचारलं, “नीट पाहिलंस?” मी हो म्हटलं. त्यांनी सही केली.

यानंतर दोन-अडीच वर्षांनी, वसंत ऋतूत, मिस्टर वाँग आले. सॅक्रामेंटोचे निवृत्त औषधविक्रेते, सत्तरीच्या आसपासचे. कोट, टाय, हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्यात जुनी पत्रं. त्यांचे आजोबा लॉरेटात लाँड्री चालवत होते आणि तिथेच वारले. गावी चीनमध्ये आजीला कोणा सोबत्याने पत्र पाठवलं होतं, की ‘त्यांना पाण्याच्या टाकीखालच्या उतारावर, आपल्या माणसांच्या जागेत ठेवलं आहे.’

“आपल्या माणसांची जागा म्हणजे कुठली?” मी विचारलं.

“तेच विचारायला आलो. मी दफनभूमीच्या कुंपणात सगळे दगड वाचून आलो. तिथे आमचं कोणी नाही.”

मी घेणाऱ्यांच्या सूचीत ‘डब्ल्यू’ उघडलं. वाँग नाहीत. पत्रातलं आणखी एक नाव पाहिलं. तेही नाही. ते म्हणाले, “मी याआधी तीन काउंट्यांत पाहिलं आहे. नसलं तर नसलं.” त्यांनी पत्ता लिहून दिला आणि गेले.

त्या आठवड्यात मी लेस्टरांचा एक जुना दावा शोधत होते. त्यांचं आडनाव ‘सी’चं, म्हणून घेणाऱ्यांच्या सूचीत ‘सी’च्या पानावर बोट फिरवताना एका ओळीवर थबकले. तिथे लिहिलं होतं, ‘चायनामन, सॅम, व इतर’. खाली आणखी एक, ‘चायनामन, लाँड्रीवाला’. आणखी खाली, ‘चायनामन, तिघे, लॉरेटा’.

जुन्या कारकुनाने त्या माणसांना आडनावं विचारलीच नव्हती. किंवा विचारली असतील आणि लिहिता आली नसतील. चिनी माणसाला तेव्हा हिणवून म्हणत तोच शब्द आडनावासारखा वापरून त्याने सगळ्यांना ‘सी’खाली घातलं होतं.

बुक काढलं. खरेदीखत होतं. गावठाण मंडळाने लॉरेटातल्या तीन चिनी व्यापाऱ्यांना ‘त्यांच्या लोकांच्या दफनासाठी कायमची’ दीड एकर जागा विकली होती. खाली चतुःसीमा लिहिल्या होत्या. दफनभूमीच्या वायव्य कोपऱ्यापासून सुरुवात, पश्चिमेला पाच साखळ्या, तिथे फुलीची खूण कोरलेला खडक, तिथून दक्षिणेला तीन साखळ्या, वगैरे. एक साखळी सहासष्ट फुटांची. वर्ध्याला वडिलांच्या तोंडून हजारदा ऐकलेलं माप होतं ते. मला नकाशा काढावा लागला नाही. डोळ्यांसमोर जागा आली, आणि पाठोपाठ हेही आलं, की त्याच उतारावर कंपनीचा पहिला मोठा ढीग रचला जाणार आहे. त्याचा आराखडा आमच्याच भिंतीवर लावलेला होता.

आणि मी लिहून दिलेलं होतं, की कोणाचा हक्क नाही. देणाऱ्यांच्या सूचीतही हा दस्त होता. गावठाण मंडळाच्या नावापुढे, पलीकडच्या रकान्यात ‘चायनामन, तिघे’. मी तो रकाना वाचला असणार. वाचून पुढे गेले असणार.

घरी जेवताना श्रीकांतला सांगितलं. हॉस्पिटलातला बाळंतपणाचा विभाग त्या वर्षी बंद झाला होता. खाण सुरू झाली तर दोनशे कुटुंबं येणार, हॉस्पिटल टिकणार, असं सगळं गाव धरून चाललं होतं. तोही.

“चूक झाली असेल तर सांगावं लागेल,” तो म्हणाला. “पण उद्या पेशंट माझ्याकडे कसे बघतील ते मला आत्ताच दिसतंय.”

“मग काय करू?”

“सांग. मी फक्त काय होईल ते म्हटलं.”

सकाळी हेलनबाईंसमोर मी बुक उघडून ठेवलं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं, मग माझा दाखला काढून तोही वाचला.

“गाडीत टेप आहे?” त्यांनी विचारलं.

“कसली टेप?”

“मोजायची. चल.”

लॉरेटाला पोचायला दीड तास लागला. दफनभूमीच्या वायव्य कोपऱ्यापासून आम्ही दोघींनी झुडपांतून टेप ओढत नेली. मी पुढचं टोक धरलं, त्या मागून होकायंत्र पाहून ओरडत, “डावीकडे! अजून डावीकडे!” पाच साखळ्या झाल्या तिथे खडक नव्हता. बारा-तेरा पावलं पुढे होता. जुन्या मोजणीत एवढा फरक निघतोच. खडकाच्या माथ्यावर छिन्नीने मारलेली फुली होती. मी हात लावून पाहिला.

मग आम्ही खाली उतरलो. नीट पाहिल्यावर दिसू लागलं. उतारावर ओळीने उथळ खळगे होते, माणसाच्या लांबीचे, त्यांत झुडपं जरा जास्त हिरवी. खालच्या अंगाला मात्र खळगे नव्हते. तिथून बुलडोझरने नुकताच एक कच्चा रस्ता काढलेला होता.

हेलनबाई रस्त्याच्या कडेला उभ्या राहून इकडेतिकडे पाहत राहिल्या. “मी या टेकडीवर लहानपणापासून येते आहे,” त्या म्हणाल्या. “इथे, या खळग्यांत आम्ही लपाछपी खेळायचो.”

परतताना गाडीत मी म्हटलं, “दाखला मी तयार केला होता. मी तसं लेखी देते.”

“नाही द्यायचं.”

“पण चूक माझी आहे.”

“सही कोणाची आहे? लोकांनी निवडून मला दिलंय, तुला नाही. शिवाय नोकरी गेली तर तू इथे काय करशील? दगड मोजशील? तू गप्प बसायचं. हा माझा हुकूम समज.”

मी गप्प बसले. ही गोष्ट मी इथे पहिल्यांदा लिहिते आहे.

काउंटीच्या वकिलांनी कंपनीला कळवलं, काम तेवढ्यापुरतं थांबलं, आणि काउंटीचा कारभार पाहणाऱ्या तीन निवडून आलेल्या कमिशनरांपुढे सुनावणी ठरली. तोपर्यंतच्या तीन आठवड्यांत गाव कसं बदलतं ते पाहिलं. कोणी भांडलं नाही. किराणा दुकानातली बाई मला पिशवी भरून द्यायची, ती आता सामान नुसतं पुढे सरकवू लागली. कोर्टाच्या पायऱ्यांवर एक ट्रकवाला हेलनबाईंना म्हणाला, “हेलन, मेलेल्या चिनी लोकांची मतं मिळणार आहेत का तुला?” त्या म्हणाल्या, “तुझं तरी कधी मिळालं होतं, बिल?” तो हसला, पण त्या दिवसापासून त्या वर्षीच्या निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध कोणीतरी उभं राहणार अशी बोलवा सुरू झाली.

सुनावणी कोर्टाच्याच दालनात झाली. बाक भरून लोक भिंतींना टेकून उभे होते. मिस्टर वाँग सॅक्रामेंटोहून आले होते, तोच कोट, तोच पत्र्याचा डबा. कंपनीने शहरातला वकील आणला होता. त्याने आरडाओरडा केला नाही. त्याचं म्हणणं असं, की त्या काळी चिनी लोक काही वर्षांनी आपल्या माणसांची हाडं उकरून मायदेशी पाठवत, हे सर्वांना माहीत आहे. तेव्हा ते खळगे म्हणजे रिकाम्या जागा आहेत. थडगी नाहीत, थडगी काढल्याच्या खुणा आहेत. आणि काउंटीने स्वतःच दिलेला दाखला सांगतो, की कोणाचा हक्क नाही. त्याने तो दाखला वाचून दाखवला. माझी वाक्यं, हेलनबाईंचं नाव.

“ही सही आपली?” त्याने विचारलं.

“माझी,” हेलनबाई म्हणाल्या. “आणि दाखला चुकीचा आहे. आमच्या सूचीत या माणसांची नावं धड लिहिलेली नाहीत, आणि शोध घेताना ते आमच्या ध्यानात यायला हवं होतं. आलं नाही.”

मी दुसऱ्या रांगेत माझ्या पर्सचा पट्टा धरून बसले होते. त्या ‘आमच्या’ म्हणाल्या तेव्हा एकदा तरी माझ्याकडे पाहतील असं वाटलं. त्यांनी पाहिलं नाही.

मग मिस्टर वाँग उठले. “हाडं नेत असत, हे खरं आहे,” ते म्हणाले. “त्यासाठी मंडळ्या असत, वर्गणी असे. ठरलेल्या वर्षांनी माणसं येत आणि घेऊन जात. माझे आजोबा वारले तेव्हा गाव उठत आलं होतं. त्यानंतर कोणी आलं नाही. माझ्या आजीने तीस वर्षं वाट पाहिली. तिच्याकडे पेटी आली नाही.”

वकील म्हणाला, “आपल्या भावनांचा आदर आहे. पण प्रत्यक्ष कामात आमच्या माणसांना तिथे मानवी अवशेष म्हणावं असं काहीही आढळलेलं नाही.”

मागच्या बाकावरून कोणीतरी उठलं. कॅल उभा राहिला होता. टोपी हातात.

“मला बोलायचंय,” तो म्हणाला.

वकिलाने वळून पाहिलं. “कॅल, याची गरज नाही.”

“आहे,” कॅल म्हणाला. मग कमिशनरांकडे पाहून हळूहळू, नेहमीच्याच आवाजात म्हणाला, “रस्ता काढताना मी तिथे होतो. बुलडोझरच्या पात्याला फळ्या लागल्या. एक तपकिरी मातीची बरणी निघाली, काही कापडाची बटणं, आणि एक बूट. बुटात पाय होता. म्हणजे पायाची हाडं. चालवणारा खाली उतरला आणि परत चढायला तयार होईना. आम्हाला सांगण्यात आलं, की माती टाका आणि वरच्या बाजूने चला. मीच माती टाकली. दाखवू शकतो कुठे.”

ट्रकवाला बिल जमिनीकडे पाहत होता. मधल्या कमिशनरने चष्मा काढून पुसला आणि विचारलं, “ते आधी का सांगितलं नाहीस?”

“कागद स्वच्छ आहे असं मला वाटत होतं, साहेब,” कॅल म्हणाला. “कागद स्वच्छ होता म्हणून मी ते कोणाचं तरी असेल असा विचार केला नाही.”

निर्णय त्याच दिवशी झाला. दीड एकराची जागा मूळ खतावरच्या चतुःसीमांप्रमाणे दफनभूमीत धरायची, कंपनीने ढीग पलीकडच्या दरीकडे न्यायचा, रस्ता बुजवायचा आणि कुंपण वाढवून द्यायचं. कंपनीला याने फारसं काही झालं नाही. खाण काही महिने उशिरा सुरू झाली, एवढंच. दोनशे नाही, पण सत्तर-ऐंशी कुटुंबं आली. हॉस्पिटल तेवढ्यावर आणखी काही वर्षं तगलं. कॅल दोन आठवड्यांत गावातून गेला. बदली झाली की त्याने सोडलं, ते कळलं नाही. जाताना आमच्या काउंटरवर येऊन आम्हा दोघींना शेकहँड करून गेला.

नोव्हेंबरात हेलनबाई निवडणूक हरल्या. थोडक्या मतांनी. त्यांच्या विरोधात उभ्या राहिलेल्या तरुण बाईंनी प्रचारात एकच गोष्ट सांगितली, की रेकॉर्डरच्या कचेरीतला दाखला बिनचूक असला पाहिजे. ते बरोबरच होतं. मुदत संपली त्या दिवशी हेलनबाई टेबलावरचा कप, दोन पेन्सिली आणि नवऱ्याचा फोटो एका खोक्यात घालून मला म्हणाल्या, “सूचीचं ते काम करून टाक. नव्या बाईला जमायचं नाही, तिला अक्षर वाचता येत नाही.”

ते काम मी केलं. दोन वर्षं, फावल्या वेळात. ‘चायनामन’खालची, ‘इंडियन’खालची, ‘विधवा’ एवढंच लिहिलेली, ‘मेक्सिकन, टांगेवाला’ अशी लिहिलेली सगळी माणसं एकेक काढली. मूळ दस्त वाचले. सह्या पाहिल्या. चिनी सह्यांच्या नकला मिस्टर वाँगना पाठवल्या की ते नावं लावून परत पाठवत, सोबत काही वेळा ‘हा एकच माणूस तुमच्या जुन्या कारकुनाने दोन नावांनी दोनदा लिहिलेला दिसतो’ असा शेरा. जिथे नाव मिळालं तिथे त्या अक्षराखाली नवी ओळ घातली. सगळ्यांची नावं मिळाली नाहीत. त्या कचेरीत माझ्या हातचं म्हणावं असं तेवढंच आहे. निवृत्त झाल्यावर मुलीजवळ टेक्सासमधल्या प्लेनोला राहायला आले. इथे शेजाऱ्यांना मी नेवाड्यात काय करत होते ते सांगितलं, की ते कॅसिनोबद्दल विचारतात.

हेलनबाई काही वर्षांपूर्वी गेल्या. गावात अजून त्यांच्याबद्दल बोलताना ‘त्या लॉरेटाच्या भानगडीत चुकली’ असं म्हणतात, असं ऐकते. माझं नाव कोणी घेत नाही. त्यांनी ठरवलं होतं तसंच झालं.

नवं कुंपण लागलं तो दिवस मात्र सांगायचा राहिला. निवडणुकीनंतरचा शनिवार होता, थंडी पडू लागली होती. काउंटीची दोन माणसं शेवटचे खांब ठोकत होती. मिस्टर वाँग आले, हेलनबाई आल्या. त्या हरलेल्या होत्या, इथे आल्या त्या अधिकारी म्हणून नाही, नुसत्या एक बाई म्हणून. मी मिस्टर वाँगना बाजूला नेलं आणि सांगितलं, की तो चुकीचा शोध माझा होता, हेलनबाईंचा नव्हता.

त्यांनी विचारलं, “तुम्ही डब्ल्यूखाली पाहिलंत?”

“हो.”

“मीसुद्धा तीस वर्षं डब्ल्यूखालीच पाहत होतो,” ते म्हणाले. “मला तर ठाऊक असायला हवं होतं, आम्हाला काय म्हणत ते.”

मग ते खळग्यांच्या ओळीत शिरले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले, परत आले.

“यातला कुठला?” त्यांनी मला विचारलं.

“ते कुठेच लिहिलेलं नाही.”

त्यांनी कागदी पिशवीतून संत्री काढली. सहा होती. आजोबांपुढे ठेवायला आणि सोबतच्या चार-पाच जणांना पुरतील, अशा हिशेबाने आणलेली. ती हातात धरून ते उभे राहिले. “एवढे जण असतील असं वाटलं नव्हतं,” ते म्हणाले.

हेलनबाईंनी बुटाच्या कडेला लावलेला चाकू काढला, कोटाच्या बाहीला पुसला आणि हात पुढे केला. “द्या इकडे.” त्या खाली मांडी घालून बसल्या आणि एकेका संत्र्याचे चार-चार तुकडे करू लागल्या. कुंपण ठोकणारी माणसं थांबून पाहत होती. मी आणि मिस्टर वाँग तुकडे उचलून एकेका खळग्याशी ठेवत गेलो. बुजवलेल्या रस्त्यावर, कॅलने दाखवलेल्या जागीही ठेवला. शेवटी एक फोड उरली.

“ही?” मी विचारलं.

मिस्टर वाँगनी ती घेतली, तिचे आणखी तीन तुकडे केले आणि एक हेलनबाईंना, एक मला दिला. आम्ही तिघांनी तिथेच उभं राहून खाल्लं.